श्वास रोखा

शुक्रवारी पहाटे चार वाजता
मटन स्ट्रीटच्या फुटपाथवर टॉर्च घेऊन वाकलेली बाई
एक तर पोलिसांतली असते, नाही तर वेडी,
असं ताहेरभाई म्हणतो आणि मला चहा पाजतो.
आज म्हणाला, "फ्लोराबाई, आपका ऑस्ट्रेलिया आया."

माझा ऑस्ट्रेलिया म्हणजे
बिस्किटांच्या डब्यात गुजराती पेपरात गुंडाळलेल्या
अकरा काचा, दोन तडकलेल्या,
आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले थोडे फोटो,
बशीत सांडून वाळलेल्या चहाच्या रंगाचे.
कुठून आले, विचारलं तर खांदे उडवतो.
भायखळ्याच्या जुन्या तबेल्याचा माल,
तिकडून बोटीने घोडे यायचे ना,
वेलर, लष्करासाठी, साहेबांच्या बग्ग्यांसाठी,
त्यांच्याबरोबर आला असेल एखाद्या मोतद्दाराच्या ट्रंकेत.
असेल. घोडे कुणी मोजून घेतले असतील.
काचा कुणी मोजल्या?

मी तीस वर्षं नायरमध्ये एक्स-रे काढले.
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
दिवसाला साठ-सत्तर छात्या.
काच उजेडाला धरायचं हाताला शिकवावं लागत नाही.
माझगावच्या खिडकीत, गोदीच्या क्रेनच्या आड
जेवढं आभाळ मिळतं तेवढ्यात धरते.

मेलबर्न. बर्क स्ट्रीट.
भरदुपार असावी, सावल्या बुटक्या आहेत.
टोप्यांचं दुकान, दाताच्या डॉक्टरची पाटी,
आणि रस्ता रिकामा, झाडून काढल्यासारखा.
आधी वाटलं, रविवार असेल. मग वाटलं, साथ.
कितीतरी दिवसांनी उमगलं:
रस्ता गच्च भरलेला होता.
काच सावकाश बघायची त्या काळी.
चालणारा पुसला जायचा.
उरलाय तो घोडा, दोन डोक्यांचा,
मध्येच एकदा मान वळवली म्हणून.
उरलाय पिंपाला टेकून झोपलेला हमाल.
पाववाली कोपरापर्यंत स्वच्छ दिसते,
पुढे हातांच्या जागी वाफ.
काम करत होती बिचारी.

कफ परेडचे एक गृहस्थ सगळा डबा मागत होते.
म्हणाले, रिकामे रस्ते भिंतीवर शांत दिसतात.
तडकलेल्या दोन दिल्या त्यांना.
गच्चीच्या डांबराचे पैसे सुटले.

पण एक फोटो मी कुणालाच दाखवत नाही.
स्टुडिओतला. पडद्यावर रंगवलेले ग्रीक खांब,
त्यांच्यापुढे केसाळ कातड्याची शाल पांघरून
एक बाई बसवलेली.
त्या शहराच्या खालची जमीन तिच्या माणसांची.
रस्त्यांच्या एकाही काचेत ती माणसं नाहीत,
थांबलेल्यांत नाहीत, वाफेतही नाहीत.
मागे सोनेरी अक्षरांत स्टुडिओचं नाव, पत्ता,
मिळालेली दोन पदकं.
तिचं नाव नाही. शाईने एकच शब्द: नेटिव्ह.
हा शब्द आमच्या मुंबईलाही पाठ होता.

तिने श्वास रोखलाय.
भीतीने रोखलेला, रागाने रोखलेला,
मला गळ्याच्या खळीवरून कळतो.
हा दोन्ही नाही.
हा, याचं काम एकदाचं आटपू दे, असा.

हॉस्पिटलची खाकी पाकिटं अजून आहेत माझ्याकडे.
नाव. लिंग. वय. तारीख. काय दुखतंय.
काचांची भरली सगळी, अंदाजपंचे.
तिच्या पाकिटावर पेन टेकवून बसले तासभर
आणि शाईचा ठिपका तेवढा मोठा झाला.

मग एक आठवलं.
प्लेट निघाल्यावर "सोडा" म्हणायचं असतं.
नाही म्हटलं तर काही पेशंट तसेच उभे राहतात,
आज्ञाधारक, ओठ निळे पडेपर्यंत.
तिला कुणी म्हटलं असेल?
तो तर काळ्या कापडातून निघून
काच घेऊन धावला असेल अंधाऱ्या खोलीकडे,
ओली होती तोवर.

सहा वाजले होते. दार उघडं होतं.
फोटो उजेडाला धरून मी म्हटलं, सोडा.
मोठ्याने म्हटलं असणार,
कारण जिन्यातून दूधवाल्याने विचारलं,
किती सोडू?

एकच, म्हटलं. रोजचीच पिशवी.